सी मायनर, कोळे-कल्याण

साडेपाचला कौटुंबिक न्यायालय सुटतं.
पर्समध्ये पेन्सिली, वही,
आणि हल्ली नेलकटर.
डाव्या हाताची नखं आठवड्याला दोनदा.
शिपाई शेवंताबाई विचारते, मॅडम,
बोटांच्या शेंड्यांवर काळ्या रेघा कसल्या?
तारेच्या, म्हणते मी.
तिला कुंपणाची वाटते.

कोळे-कल्याणात, क्रूसाच्या चौथऱ्यामागे
व्हॅलेरियन किणी राहतात. ऐंशीला दोन कमी.
एके काळी हॉटेलांतून वाजवायचे, लग्नांतून, एका जहाजावरसुद्धा.
आता कोंबड्या पाळतात, आणि मला.

त्यांच्या पत्र्यावरून दर दोन मिनिटांनी विमान उतरतं
आणि आम्ही थांबतो,
बोटं तारांवर तशीच ठेवून,
वीज गेल्यावर जेवणारे थांबतात तसे.

‘बारा बार,’ ते म्हणतात, ‘फक्त बारा.
पयले चार घरातले.
पाच नि सहा शेजारी. एफ मायनर. चहा पिऊन ये.
सात-आठ परत घरी.
नववा…’ इथे ते नेहमी चष्मा काढतात,
‘नववा म्हंजे अंधारात मोजायची राहिलेली पायरी.’
ए फ्लॅट सेव्हन.
तिथून अर्धा सूर खाली घसरायचं, जी वर,
आणि मग घर.

मी पेटीवर वाढलेली.
पेटीत दोन पट्ट्यांच्या मधे फट असते,
सूर नसतो.
कोमल गंधार ओळखीचा, शुद्धही;
मधे कुणी राहतं हे कुणी सांगितलं नव्हतं.
‘तार ओढ,’ किणी म्हणतात. ‘थोडी.
रडवू नको तिला. नुसती ओढ.’

टाळीही चुकते.
मी देते समेवर, भजनातली, ठणठणीत.
‘दोन नि चार, बाय!
एकवर सगळं जग टाळी देतंय.’

पण सगळ्यात वाईट खोड हाताची.
एकोणीस वर्षं मिनिटाला शंभर शब्द घेतले:
तो म्हणाला, ती म्हणाली, दोन पाटल्या, त्याची आई,
मुलगा रविवारी कुणाकडे.
सगळं उतरवायचं, गाळायचं काही नाही.
तशीच वाजवते मी, प्रत्येक जागा भरत,
आणि किणी कंटाळून
कोंबड्यांना दाणे टाकायला उठतात.

मंगळवारी एक बाई साक्षीला उभी होती.
जांभळी ओढणी, हातात छत्रीचं नुसतं कव्हर.
साहेबांनी विचारलं, तुम्हाला काही सांगायचंय?
ती पंख्याकडे बघत राहिली.
वकील खाकरला.
माझी पेन्सिल कागदावर टेकलेली
आणि मी मोजत होते, हे मागाहून कळलं:
एक दोन तीन चार,
दोन दोन तीन चार,
तीन दोन
‘नाही,’ ती म्हणाली.
कागदावर तेवढंच आलं.
आधीचे अडीच बार कुठल्या खुणेने घ्यायचे
ते लघुलिपीत नाही.
पुढची तारीख सोळा.

त्या संध्याकाळी नवव्या बारला माझा हात उचलला गेला.
ठरवून नाही.
ए फ्लॅट आला, आणि मी ऐकत राहिले:
अॅम्पची घरघर, खुराड्यात कुणीतरी जागा बदलली,
किणींचा बूट दोनवर.
चारवर.
मग एकच सूर, तो फटीतला,
तोही उशिरा.

शाबासकी वगैरे नाही.
ते उठले नाहीत, एवढंच.

बारावा बार अजून मला नीट येत नाही.
शेवटासारखा दिसतो आणि नसतो;
त्यात पुन्हा जी सेव्हन, लोटून ठेवलेल्या दारासारखा.
‘इथं थांबायचं नाय. इथून परत पयल्याला.’
मी वहीत माझ्या खुणांमध्ये लिहून घेते: पुढची तारीख.
काय लिहिलंस, किणी विचारतात.
सांगणार, तेवढ्यात विमान येतं.
बोटं तारांवर.
थांबलोय.